बेरोजगारी दराच्या अंदाजात एलएसटीएम साध्या एआरपुढे हरतंय: चूक माझी की पद्धतीची?

अर्धवट_प्रबंध

एमएच्या प्रबंधासाठी विषय घेतला आहे: आर्थिक निर्देशकांच्या अंदाजात रेषीय आणि अरेषीय पद्धतींची तुलना. घेतला तेव्हा वाटलं होतं दोन महिन्यांत उरकेल. न्यूरल नेटवर्क जिंकणार, आपण तक्ता काढायचा, निष्कर्ष लिहायचा आणि मोकळं व्हायचं. आता पाचवा महिना चालू आहे.

केलं ते असं. अमेरिकेचा मासिक बेरोजगारी दर घेतला, जानेवारी १९४८ ते डिसेंबर २०१९, म्हणजे ८६४ महिने. ही मालिका निवडायचं कारण एवढंच की ती लांब आहे, फुकट मिळते आणि तिच्यात भोकं नाहीत. २०२० मुद्दाम बाहेर ठेवलं. एका बाजूला एआर(४), म्हणजे ऑटोरिग्रेशन: मागच्या चार महिन्यांना ठरावीक गुणांक लावून पुढचा. दुसऱ्या बाजूला एलएसटीएम, म्हणजे मागचं लक्षात ठेवणारं न्यूरल नेटवर्क, ५० युनिट, मागच्या १२ महिन्यांची खिडकी. २००९ पर्यंत शिकवलं, २०१० ते २०१९ या १२० महिन्यांवर तपासलं. अंदाज दोन प्रकारचे: एक महिना पुढचा आणि बारा महिने पुढचा. बारासाठी एलएसटीएमचा अंदाज त्यालाच परत खायला घालत बारा वेळा पुढे गेले.

पहिल्या वेळी एलएसटीएम जिंकलं होतं. आलेख असा की अंदाजाची रेघ कुठली आणि खरी कुठली ते कळेना. सरांना पाठवला, सर खूश. मग एका सीनियरने विचारलं, "ट्रेन-टेस्ट करताना शफल केलंस का?" केलं होतं. महिने पत्त्यांसारखे पिसून मग शिकवण्याचे आणि तपासण्याचे वेगळे केले होते, ट्युटोरियलमधून जसंच्या तसं उचललेलं. शफल काढून काळाप्रमाणे कापलं, तर एलएसटीएम एका महिन्यावर किंचित मागे आणि बारा महिन्यांवर चांगलंच मागे. युनिट वाढवले, कमी केले, ड्रॉपआउट लावला (शिकवताना काही युनिट मधूनमधून बंद ठेवणं), सीड (सुरुवातीचे यादृच्छिक आकडे ठरवणारा क्रमांक) बदललं. प्रत्येक सीडला वेगळं उत्तर येतं, हे आणखी एक दुखणं.

सर म्हणतात कोडमध्ये गडबड असणार, अर्थव्यवस्था काय सरळ रेषेत चालते का? मलाही ते पटतं. बेरोजगारी झपाट्याने चढते आणि रडतखडत उतरते. डिसेंबर २००७ मध्ये ५ टक्के होती, ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्के. चढायला २२ महिने. परत ५ वर यायला २०१५ साल उजाडलं. चढ आणि उतार यांतला हा फरक एआरला दिसूच शकत नाही, कारण त्याचे गुणांक दोन्हीकडे तेच. मग ज्याला दिसत नाही ते जिंकतं आणि ज्याला दिसू शकतं ते हरतं, हे कसं? कोड तीनदा तपासलाय. आणखी कुठलं अरेषीय मॉडेल लावून बघू, की विषयच बदलू? विषय बदलायला उशीर झालाय, हे माहीत आहे.

चुकांचा_वर्ग

विषय बदलू नका, चांगला निकाल हाताशी आला आहे.

आधी तो सुंदर आलेख उघडा. अंदाजाची रेघ एक महिना डावीकडे सरकवा. खऱ्या रेघेवर चपखल बसली ना? म्हणजे तुमचं नेटवर्क एवढंच शिकलंय की पुढचा महिना या महिन्यासारखाच. बेरोजगारीचा दर महिन्याकाठी साधारण एक-दोन दशांशाने हलतो, त्यामुळे कालचा आकडा आज छापला तरी आलेख देखणाच दिसतो. तुलनेत तिसरा भिडू घ्या: "काही बदलणार नाही" हा अंदाज. त्याला ना गुणांक, ना सीड. आणि दर सांगण्याऐवजी दरातला बदल सांगायला लावा, मग कोण पाण्यात आहे आणि कोण काठावर ते लगेच दिसेल.

आता मोजणी. एक इनपुट आणि ५० युनिटांच्या एलएसटीएममध्ये ४ × (५० × ५१ + ५०) म्हणजे १०,४०० गुणांक, वर शेवटच्या थराचे ५१. एकूण १०,४५१. शिकवायला तुमच्याकडे १९४८ ते २००९ चे ७४४ महिने. एआर(४) ला पाच आकडे पुरतात. प्रत्येक सीडला वेगळं उत्तर का येतं याचं कोडं इथेच सुटावं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळं आहे. ७४४ हा आकडासुद्धा फसवा आहे. तुम्हाला पकडायचंय काय, तर वळण: शांत उतार संपून अचानक चढ लागतो ती जागा. १९४८ ते २००९ मध्ये अमेरिकेत मंद्या किती? मोजा: १९४८, ५३, ५७, ६०, ६९, ७३, ८०, ८१, ९०, २००१ आणि २००७ ला सुरू झालेली. अकरा. रेषीय मॉडेल ७४४ महिन्यांवरून शिकतं, कारण त्याच्या मते सगळे महिने एकाच जातीचे. अरेषीय मॉडेल ज्या गोष्टीसाठी आपण आणलं, ती गोष्ट त्याला अकराच वेळा पाहायला मिळाली. त्यांतही १९७३ ची तेलाच्या भावाने आलेली आणि २००७ ची घरकर्जांतून आलेली, दोघींचं तोंड एकमेकींना ओळखू येणार नाही. अकरा उदाहरणांवर दहा हजार गुणांक. यात कोडची काही चूक नाही हो.

आणि तुमची चाचणी! २०१० ते २०१९. जून २००९ मध्ये मंदी संपली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत १२८ महिने सलग तेजी चालली, अमेरिकेच्या नोंदीतली सगळ्यात लांब. तुमचे १२० च्या १२० महिने तिच्या पोटात. म्हणजे एकही वळण नसलेल्या रस्त्यावर तुम्ही वळणात कोण चांगलं चालवतं याची परीक्षा घेतलीत. तिथे सरळ जाणाराच जिंकणार. असं करा: चाचणी १९७० पासून सुरू करा. पहिली २२ वर्षं शिकायला, मग दर महिन्याला एक महिना वाढवत जा आणि पुढचा अंदाज घ्या. १९६९ च्या अखेरीस सुरू झालेली मंदी जवळजवळ सगळी आणि तिच्यानंतरच्या सहा पूर्ण मंद्या चाचणीत येतील. मग चुका दोन गटांत लावा, मंदीतल्या आणि बाहेरच्या.

असं करणाऱ्यांना काय सापडलं, तेही सांगतो. स्टॉक आणि वॉटसन यांनी १९९९ मध्ये अमेरिकेच्या २१५ मासिक मालिका आणि ४९ पद्धती घेऊन हीच तुलना केली, त्यात न्यूरल नेटवर्कही होतं. एकट्याने लढणाऱ्यांत एआरचाच एक प्रकार सरस ठरला आणि सगळ्यांचे अंदाज एकत्र केलेले त्याहून बरे. दुसरीकडे माँटगोमेरी, झार्नोविट्झ, त्साय आणि टियाओ यांनी १९९८ मध्ये खास याच बेरोजगारी दरावर थ्रेशोल्ड (पातळी ओलांडली की गुणांक बदलणाऱ्या) आणि मार्कोव्ह (तेजी-मंदीचे कप्पे शक्यतेने बदलणाऱ्या) पद्धती लावल्या. बेरोजगारी वेगाने चढते त्या काळात अरेषीय पद्धतींनी मात केली, एरवी नाही. दोन्ही निकाल एकत्र ठेवा, तुमचा प्रबंध त्यांच्या मधल्या फटीत आहे.

मग लावायचं काय? एलएसटीएम बाजूला ठेवा, टाकून देऊ नका. साधं दोन-कप्प्यांचं थ्रेशोल्ड ऑटोरिग्रेशन घ्या. हॉवेल टाँग यांचं, १९७० च्या दशकाच्या शेवटचं. गेल्या काही महिन्यांतली वाढ अमुक पातळीच्या वर गेली तर गुणांकांचा एक संच, खाली असेल तर दुसरा. पाच आणि पाच दहा, पातळीचा एक, किती महिने मागे बघायचं त्याचा एक. बारा आकडे, आणि प्रत्येकाचा अर्थ सरांना तोंडी सांगता येईल. माणसं हेच डोक्यात करतात. क्लॉडिया साहम यांचा प्रसिद्ध नियम म्हणजे दुसरं काय? बेरोजगारीची तीन महिन्यांची सरासरी मागच्या वर्षभरातल्या नीचांकापेक्षा अर्धा टक्का-बिंदू वर गेली की मंदीची घंटा. (जुलै २०२४ च्या आकड्यांवर ती वाजली आणि मंदी काही लगेच आली नाही. पातळी ठरवलेली असते जुन्या वळणांवर, हे विसरायचं नाही.)

एक जागा मात्र नक्की चुकली आहे: बारा महिन्यांचा अंदाज. अंदाज परत खायला घालणं रेषीय मॉडेलला चालतं, कारण तिथे सरासरीचं पुढचं पाऊल म्हणजेच पुढच्या पावलाची सरासरी. अरेषीयात हे खोटं ठरतं. समजा कप्पा बदलायची पातळी आहे ०.३ ची वाढ आणि तुमचा सरासरी अंदाज ०.०५ ने सरकतोय. सरासरीचा मार्ग ती पातळी कधीच ओलांडणार नाही, म्हणून मॉडेल बारा महिने शांत कप्प्यातच झोपून राहील. प्रत्यक्षात धक्के बसतात, त्यांतला एखादा पलीकडे ढकलतो. म्हणून जुन्या चुकांमधून चिठ्ठ्या काढत हजार मार्ग चालवायचे आणि शेवटी त्यांची सरासरी घ्यायची. त्यांतल्या शंभर मार्गांनी उंबरा ओलांडला तर तेवढं वजन अंदाजात उतरतं. तुम्ही एलएसटीएमच्या अंगातली अरेषीयता शिकवताना विकत घेतलीत आणि अंदाज करताना फेकून दिलीत.

अर्धवट_प्रबंध

रेघ सरकवून पाहिली. बसली. अगदी बसली. पाच महिने मी कालचा आकडा आज छापत होते.

मंद्या मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. ८६४ म्हणजे भरपूर, असं प्रस्तावनेत लिहूनही ठेवलंय, ते खोडते. दोन शंका. मंदीतल्या आणि बाहेरच्या चुका वेगळ्या काढायच्या, पण आपण मंदीत आहोत हे त्या महिन्यात कुणाला माहीत असतं? आणि चाचणीत २०२० घेऊ की नको? सर म्हणतात घे, नाहीतर परीक्षक विचारतील.

झाडांचा_माणूस

वर्गकाकांचं निम्मं मान्य, निम्मं नाही.

एका मालिकेच्या स्वतःच्या भूतकाळावरून अंदाज करायचा असेल तर एआरला हरवणं कठीण, मान्य. पण ती लढतच रेषीय पद्धतीच्या घरच्या मैदानावर आहे. एकाच मालिकेत अरेषीय संबंध शोधायचा कुणाशी? खरी मजा शंभर मालिका हातात असतात तेव्हा. मॅक्रॅकन आणि एनजी यांनी २०१६ मध्ये मांडलेला फ्रेड-एमडी हा संच घ्या: शंभराहून जास्त मासिक निर्देशक, रोजगार, घरबांधणी, व्याजदर, किंमती, सगळं एकत्र. त्यावर मेडेरोस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेची महागाई तपासली, २०२१ मध्ये छापून आलं. रँडम फॉरेस्टने (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी) एआरला आणि रँडम वॉकलाही, म्हणजे "काही बदलणार नाही" या अंदाजालाही, मागे टाकलं. आणि महागाई म्हणजे लेचापेचा प्रतिस्पर्धी नव्हे. अॅटकेसन आणि ओहॅनियन यांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की "पुढच्या वर्षीची महागाई गेल्या वर्षीइतकीच" या अंदाजाला फिलिप्स वक्राची (बेरोजगारीवरून महागाई सांगणारी) मॉडेलंसुद्धा हरवू शकत नाहीत.

फॉरेस्ट का चालतं? एलएसटीएमसारखं ते दहा हजार गुणांक एकदम ओढत नाही. शेकडो झाडं, प्रत्येक झाड वेगळ्या नमुन्यावर वाढवलेलं, मग सगळ्यांची सरासरी. एक झाड बिनडोक असतं, सरासरी शहाणी होते. म्हणजे काकांनीच सांगितलेलं अंदाज एकत्र करण्याचं तत्त्व इथे पद्धतीच्या पोटात आहे.

आता माझ्याच झाडांची चुगली करतो. फॉरेस्टचा अंदाज म्हणजे जुन्या महिन्यांची सरासरी, त्यामुळे शिकवताना पाहिलेल्या कमाल आकड्याच्या वर ते जाऊच शकत नाही. १९९२ पासून २०२० पर्यंतच्या वार्षिक महागाईवर शिकवलं तर त्याच्या आठवणीतलं शिखर जुलै २००८ चं, ५.६ टक्के. जून २०२२ ला महागाई ९.१ झाली. फॉरेस्ट मान वर करून बघेल, पण ५.६ च्या वर आकडा उच्चारणार नाही. रेषीय मॉडेल चुकलं असतं, पण निदान त्या दिशेने चालत गेलं असतं. म्हणून मी आधी एआर लावतो आणि त्याच्या उरलेल्या चुकांवर फॉरेस्ट वाढवतो. चढण एआरने चढायची, कोपरे झाडांनी बघायचे. २०१८ च्या एम४ स्पर्धेतही, एक लाख मालिका होत्या तिथे, जिंकलं ते एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग (ताज्या आकड्यांना जास्त वजन देणारी जुनी साधी पद्धत) आणि एलएसटीएमच्या जातीचं रिकरंट नेटवर्क यांचं कलम. निव्वळ मशीन लर्निंगच्या सहा प्रवेशिका होत्या, त्यांतली एकच साध्या नाइव्ह-२ अंदाजाच्या (हंगाम वजा करून "काही बदलणार नाही") पुढे गेली.

प्रबंधात एवढी तरी एक ओळ घाला: रेषीय की अरेषीय यापेक्षा एक मालिका की शंभर, या प्रश्नाने निकाल जास्त हलतो.

चुकांचा_वर्ग

झाडंवाले, एआरच्या उरलेल्या चुकांवर फॉरेस्ट, हे मला पटलं. मी स्वतः तेच केलं असतं. एक फोड मात्र करा: फॉरेस्टच्या यशात किती वाटा अरेषीयतेचा आणि किती शंभर मालिकांचा? त्याच शंभर मालिकांवर रिज किंवा लॅसो (गुणांकांना आवर घालणाऱ्या पद्धती) चालवा, तीही रेषीयच. ते तिसरं खोकं नसेल तर तुलना लंगडी. अर्धवट यांच्या प्रबंधात यासाठी वेळ उरणार नाही बहुतेक.

आता शंका. मंदी त्या महिन्यात कुणालाच माहीत नसते. अमेरिकेतल्या मंद्या ठरवणारी एनबीईआर या संशोधन संस्थेची समिती तारखा जाहीर करते त्या मागाहून. डिसेंबर २००७ मध्ये तेजीने शिखर गाठलं हे तिने सांगितलं डिसेंबर २००८ मध्ये, पुरतं वर्ष उलटल्यावर. मार्च २००१ च्या शिखराची घोषणा झाली त्याच नोव्हेंबरात, ज्या नोव्हेंबरात ती मंदी संपलीसुद्धा. म्हणून या तारखा गुण देण्यासाठी वापरा, मॉडेलला खायला घालू नका. हॅमिल्टन यांच्या १९८९ च्या मार्कोव्ह पद्धतीत म्हणूनच कप्पा दिलेला नसतो, आकड्यांवरून त्याची शक्यता काढावी लागते. त्यातही फसण्याची जागा आहे: सॉफ्टवेअर शक्यता दोन प्रकारे देतं, त्या महिन्यापर्यंतची माहिती वापरून आणि पूर्ण मालिका वापरून. दुसरीचा आलेख फार छान दिसतो. तिला भविष्य माहीत असतं.

हे मी ठेचकाळून शिकलोय. एका कचेरीत उत्पादनाच्या निर्देशांकासाठी मी नेटवर्क बांधलं होतं. मागच्या काळावर चाचणी झक्क. चालू केलं, तर पहिल्या सहा महिन्यांत त्याने माझं नाक कापलं. कारण दोन निघाले. शिकवलं होतं सुधारित आकड्यांवर आणि रोज मिळत होते पहिल्या छपाईचे. आणि हंगामी समायोजन मी पूर्ण मालिकेवर एकदम केलं होतं, ज्यात प्रत्येक महिना पुढच्या महिन्यांनाही विचारून बसवला जातो. हे पाप रेषीय मॉडेलकडूनही होतं, पण त्याला त्यातून फार चोरता येत नाही. लवचीक मॉडेल कोपऱ्यातला कण न् कण टिपतं. बेरोजगारी दरात नंतरच्या सुधारणा किरकोळ असतात, तुमचं निभावेल. जीडीपीवर हा खेळ केला असतात तर सेंट लुईस फेडच्या अल्फ्रेड या जुन्या आकड्यांच्या साठ्यातून त्या त्या तारखेची प्रत काढूनच करा, असं सांगितलं असतं.

२०२०. फेब्रुवारीत ३.५, मार्चमध्ये ४.४, एप्रिलमध्ये पहिल्या छपाईला १४.७. एका महिन्यात १०.३ ची उडी. माझं टोपणनाव उगीच नाही, म्हणून वर्ग करून दाखवतो: १०६. साध्या महिन्यात चूक समजा ०.२, वर्ग ०.०४. म्हणजे तो एक एप्रिल २,६५० साध्या महिन्यांच्या तोलाचा, आणि तुमची अख्खी मालिका ८६४ ची. तो तक्त्यात घेतलात की एप्रिल २०२० ला कोण कमी आपटलं यावरच सगळ्यांचा क्रम लागणार, आणि तो प्रश्न रेषीय-अरेषीयचा नाहीच, कारण विषाणू कुणाच्याच लॅगमध्ये, म्हणजे मागच्या महिन्यांच्या आकड्यांत, नव्हता. दोन तक्ते द्या. मुख्य २०१९ पर्यंतचा, दुसरा परिशिष्टात २०२० धरून, खाली हे गणित. परीक्षक गप्प बसतील.

राहिलं. दोन पद्धतींच्या चुकांतला फरक खरा की योगायोग हे सांगणारी डिबोल्ड-मारियानो चाचणी लावताना बारा महिन्यांच्या चुका एकमेकींवर चढलेल्या असतात, अकरा लॅगपर्यंतचा सहसंबंध धरा. आणि थ्रेशोल्डच्या पोटात एआर बसतं, तिथे ही चाचणी जशीच्या तशी चालत नाही, क्लार्क-वेस्टची २००७ ची दुरुस्ती बघा.

अर्धवट_प्रबंध

तीन आठवडे गायब होते, कारण हेच करत होते. १९७० पासूनची फिरती चाचणी झाली. एकूण चुकांमध्ये एआर, थ्रेशोल्ड आणि "काही बदलणार नाही" एका महिन्यावर जवळजवळ एकत्र, एलएसटीएम शेवटी. बारा महिन्यांच्या अंदाजात, मंदीतल्या महिन्यांत थ्रेशोल्ड पुढे, पण फक्त हजार मार्गांची सरासरी घेतल्यावर. आधीच्या पद्धतीने घेतलं तर तिथेही ते एआरच्या मागेच होतं. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. एआर आणि थ्रेशोल्डची साधी सरासरी घेतली तर ती दोघांपेक्षा बरी निघते, जरा रागच आला.

सरांना दाखवलं. सर म्हणाले, "मग एलएसटीएमचं प्रकरण काढून टाक." नाही काढलं. सरकवलेल्या रेघेचा आलेख त्याच प्रकरणात घातलाय, आधीचा सुंदर आलेख आणि हा, शेजारी शेजारी.

आता नवं कोडं. थ्रेशोल्डची पातळी १९८५ पर्यंतच्या आकड्यांवर काढली तर एक येते आणि नंतरच्यांवर काढली तर चांगलीच खाली. अर्थव्यवस्था बदलली असं लिहू का?

चुकांचा_वर्ग

थांबा. १९८५ नंतर २०१९ पर्यंत तुमच्याकडे वळणं तीनच आहेत: १९९०, २००१, २००७. बूटस्ट्रॅप करून (आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने काढून) दोन्ही पातळ्यांचे पल्ले काढा आणि इथे टाका. माझा अंदाज, ते एकमेकांत शिरलेले असतील.

अर्धवट_प्रबंध

काढले. शिरलेत.